टीजे, स्टायव्हेसंट, लोवेल: निवडक सरकारी शाळांचे प्रवेश, वंश आणि न्याय

देवगिरी

उत्तर व्हर्जिनियातील मराठी घरांत मूल सहावी-सातवीत गेले की ‘टीजे’चा विषय निघतोच. अलेक्झांड्रिया येथील थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी ही १९८५ साली सुरू झालेली सरकारी शाळा फेअरफॅक्स काउंटीची असली, तरी लाउडन, आर्लिंग्टन, प्रिन्स विल्यम या काउंट्यांतील आणि फॉल्स चर्च शहरातील मुलांनाही तिथे प्रवेश मिळतो. माझी मुलगी सध्या सातवीत आहे. या प्रश्नात माझा स्वार्थ गुंतलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे म्हणणे वाचकांना त्या हिशेबाने जोखता येईल.

२०२० पर्यंत या शाळेच्या अर्जासाठी शंभर डॉलर शुल्क होते. प्रमाणित परीक्षा द्यावी लागे, त्यातून चाळणी झालेल्या मुलांचे निबंध आणि शिक्षकांची शिफारसपत्रे पाहिली जात. २०२० च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात फेअरफॅक्सच्या स्कूल बोर्डाने ही पद्धत बदलली. परीक्षा आणि शुल्क दोन्ही गेले, जागा साधारण ४८० वरून ५५० झाल्या आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीतील दीड टक्का मुलांना जागा राखून ठेवण्यात आल्या. शाळेतील सरासरी गुणांकाची किमान अट चारच्या मोजपट्टीवर ३.५ वर नेली. मुलाने स्वतःबद्दल लिहायचे उतारे आणि गणित-विज्ञानातील एक प्रश्न सोडवून दाखवणारा निबंध, असे लेखन ठरावीक वेळेत करायचे असते. घरचे उत्पन्न कमी असणे, इंग्रजी नव्याने शिकत असणे, विशेष शिक्षणाची गरज असणे किंवा ज्या शाळेतून आजवर फारसे कोणी टीजेला गेले नाही अशा शाळेत शिकणे, या गोष्टी जमेस धरण्याचे ठरले. अर्ज तपासणाऱ्यांना मुलाचे नाव, वंश आणि लिंग दिसत नाही.

आता आकडे पाहू. जुन्या पद्धतीने निवडलेल्या शेवटच्या तुकडीत आशियाई वंशाची मुले सुमारे ७३ टक्के होती आणि कृष्णवर्णीय मुले दहापेक्षा कमी. नव्या पद्धतीच्या पहिल्या तुकडीत, म्हणजे २०२१ मध्ये, आशियाई मुले सुमारे ५४ टक्के, श्वेतवर्णीय २२, हिस्पॅनिक ११ आणि कृष्णवर्णीय ७ टक्के होती. आपल्या मराठी गटांवर फिरणारे संदेश बहुधा इथेच थांबतात. ‘आपल्या मुलांच्या जागा काढून घेतल्या’ एवढाच त्यांचा सूर असतो.

मला यातली दुसरी एक नोंद अधिक महत्त्वाची वाटते. अल्प उत्पन्न गटातील मुलांचे प्रमाण एका वर्षात एक टक्क्याच्याही खालून पंचवीस टक्क्यांवर गेले. आशियाई वंशाच्या गरीब मुलांपुरते पाहिले, तर २०२० मध्ये अशा एकाच मुलाला प्रवेश मिळाला होता आणि २०२१ मध्ये एक्कावन्न मुलांना. या बदलाविरुद्ध पुढे जो दावा झाला, त्यातील अपील न्यायालयाच्या निकालपत्रातही याची नोंद आहे. ‘आशियाई’ या एकाच रकान्यात माझ्यासारख्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्याची मुलगी असते आणि उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात दोन पाळ्यांत राबणाऱ्या व्हिएतनामी किंवा नेपाळी आईचा मुलगाही असतो. जुन्या पद्धतीत आपण त्या रकान्याच्या नावाने बोलत होतो आणि जागा मात्र आपल्याच घरांत येत होत्या. हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, असे मला वाटते.

दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने मांडायला हवी. मार्च २०२१ मध्ये ‘कोअलिशन फॉर टीजे’ या पालकांच्या संघटनेने दावा दाखल केला. त्यात बोर्डाच्या दोन सदस्यांचे आपसांतील फोनवरचे संदेश पुढे आले. या सगळ्यात आशियाई-विरोधी छटा आहे, हे त्यांनी एकमेकींजवळ मान्य केले होते. ज्या पालकांनी ते वाचले त्यांचा संताप मला अवाजवी वाटत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये जिल्हा न्यायाधीश क्लॉड हिल्टन यांनी बोर्डाच्या विरोधात निकाल दिला. मे २०२३ मध्ये चौथ्या सर्किटच्या, म्हणजे या भागातील राज्यांसाठीच्या, संघीय अपील न्यायालयाने तो दोन विरुद्ध एक अशा मतांनी फिरवला आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो यांनी त्यावर असहमतीची नोंद लिहिली आणि न्यायमूर्ती थॉमस त्यांच्याशी सहमत झाले.

अपील न्यायालयात तुलना कशाशी करायची, हा कळीचा मुद्दा होता. बहुमताचे म्हणणे असे की अर्जदारांत आशियाई मुले साधारण ४९ टक्के आहेत आणि निवडीत ५४ टक्के, तेव्हा त्यांच्यावर विषम परिणाम झाला असे म्हणता येत नाही. असहमत न्यायाधीशांचे म्हणणे असे की तुलना आधीच्या वर्षाशी करायला हवी आणि ती केली तर घट उघड दिसते. दोन्ही बाजूंचे गणित बरोबर आहे. आठवीतल्या मुलाला ‘तुझा हक्क किती’ हे सांगताना आपण कोणता पाया धरतो, याचा निर्णय मात्र गणिताने होत नाही.

या विषयावर येथील वाचकांची मते जाणून घ्यायची आहेत. विशेषतः न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोकडील मंडळींनी लिहावे, कारण तिथेही अशाच शाळांवरून वाद झाले आहेत.

पाणवठा

देवगिरी, आपण मुद्दे नीट मांडले आहेत, म्हणून मतभेदही सविस्तर लिहितो. मी क्वीन्समध्ये राहतो. न्यूयॉर्कचे चित्र फेअरफॅक्सपेक्षा वेगळे आहे आणि आपला गरिबीचा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

स्टायव्हेसंट, ब्रॉन्क्स सायन्स, ब्रुकलिन टेक आणि अन्य पाच अशा शहरातील आठ निवडक सरकारी शाळांचे प्रवेश एकाच लेखी परीक्षेवर होतात. पहिल्या तीन शाळांसाठी ही परीक्षा १९७१ च्या राज्य कायद्यानेच बंधनकारक केली आहे. मुलाने पसंतीक्रम द्यायचा, गुणांनुसार यादी लावायची, संपले. मुलाखत नाही, शिफारस नाही, वडील काय करतात हा प्रश्न नाही. २०१९ मध्ये स्टायव्हेसंटच्या ८९५ जागांपैकी अवघ्या सात जागा कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या. ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि मी तिचे समर्थन करणार नाही. परंतु ज्यांना जागा मिळाल्या त्यांत सनसेट पार्कमधील चिनी शिवणकामगारांची आणि जॅक्सन हाइट्समधील बांगलादेशी टॅक्सीचालकांची मुले मोठ्या संख्येने आहेत. आमच्याच इमारतीतल्या अशा एका कुटुंबाला मी ओळखतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा दुपारभर ग्रंथालयात सरावाचे पुस्तक सोडवत बसायचा, कारण घरी टेबल एकच होते आणि त्यावर धाकट्या बहिणीचा अभ्यास चालायचा. त्याच्या आईवडिलांना इंग्रजीत शिफारसपत्र मागता आले नसते किंवा मुलाचे ‘नेतृत्वगुण’ दाखवणारा उपक्रमही शोधता आला नसता. तारीख पाळून परीक्षा देता येते, एवढे त्यांना ठाऊक होते.

महापौर डी ब्लासिओ यांनी जून २०१८ मध्ये परीक्षा काढून टाकून प्रत्येक मिडल स्कूलमधील वरच्या सात टक्के मुलांना प्रवेश देण्याची योजना मांडली. ऑल्बनीच्या राज्य विधिमंडळात ती पुढच्या वर्षी बारगळली. त्या काळात या कुटुंबांशी कोणी आधी बोलले नव्हते. आपल्या मुलांचे यश हाच शहराचा प्रश्न म्हणून मांडला जात आहे, हे त्यांना बातम्यांतून कळले.

आणखी एक गोष्ट. सत्तर-ऐंशीच्या दशकांत याच परीक्षेतून ब्रुकलिन टेकमध्ये कृष्णवर्णीय मुले निम्म्याच्या आसपास होती. परीक्षा तेव्हाही होती. मग बदलले काय? ब्रुकलिन आणि ब्रॉन्क्समधील कृष्णवर्णीय वस्त्यांच्या शाळांत हुशार मुलांसाठी जे स्वतंत्र वर्ग असत, ते पुढे बंद होत गेले, असे त्या काळातील अनेक माजी विद्यार्थी सांगतात. वर्ग बंद करायचे आणि मग परीक्षेला दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

उत्तरायण

सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेल हायस्कूलबद्दल थोडे लिहितो, कारण सध्याच्या वादाची मुळे तिथे जुनी आहेत.

एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने केलेल्या दाव्यातून १९८३ मध्ये तिथे एक समझोता झाला. कोणत्याही शाळेत एका वांशिक गटाचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये, असे त्यात ठरले. हेतू वेगळेपणाच्या भिंती पाडण्याचा होता. व्यवहारात मात्र लोवेलमध्ये चिनी मुलांची संख्या मर्यादेला भिडली आणि त्यांना प्रवेशासाठी इतर सर्वांपेक्षा अधिक गुण मिळवावे लागू लागले. १९९४ मध्ये चिनी पालकांनी दावा लावला आणि १९९९ मध्ये तडजोड होऊन वंशावर आधारलेली ही मर्यादा गेली. ज्या समाजाच्या मुलांना एकेकाळी याच शहरात कायद्याने वेगळ्या शाळेत बसवले जाई, त्याच समाजाला शंभर वर्षांनी सर्वांत उंच दार ओलांडायला सांगितले गेले. म्हणून आशियाई पालक अशा बदलांकडे संशयाने पाहतात, तेव्हा त्यामागे केवळ स्वार्थ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

फेब्रुवारी २०२१ मध्ये स्कूल बोर्डाने लोवेलचे गुणांवरील प्रवेश बंद करून सोडत लागू केली. घाई इतकी की सार्वजनिक सभांच्या कायद्याचे उल्लंघन झाल्याचे न्यायालयाने ठरवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी बोर्डाच्या तीन सदस्यांना मतदानाने पदावरून दूर केले. त्यामागे साथीच्या काळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्याचा रागही होता, पण चिनी वस्त्यांत लोवेल हे मोठे कारण ठरले. त्याच वर्षी जूनमध्ये चार विरुद्ध तीन मतांनी जुनी पद्धत परत आली. या सगळ्यात कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला दोन वर्षांची अस्थिरता आली आणि टिकणारे काहीच मिळाले नाही.

पिंपळपान

सर्वांचे लेखन वाचतो आहे. पुण्यातून एक साधा प्रश्न विचारतो. कृष्णवर्णीय मुलांवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला, हे सर्वच मान्य करतात. मग शाळानिहाय टक्क्यांसारख्या आडवाटांनी जाण्यापेक्षा सरळ राखीव जागा का ठेवत नाहीत?

देवगिरी

पिंपळपान, इथला कायदा ते करू देत नाही. भारतात १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे कलम घालून मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीला स्पष्ट आधार दिला. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत या बाबतीत ‘कायद्याचे समान संरक्षण’ एवढेच शब्द आहेत आणि न्यायालयांनी त्यांचा अर्थ उत्तरोत्तर असा लावला, की सरकारने व्यक्तीचा वंश पाहून निर्णय घेणे जवळजवळ निषिद्धच आहे. चर्चा होते ती विद्यापीठांच्या प्रवेशांत वंशाचा विचार करण्यास मनाई करणाऱ्या २०२३ च्या हार्वर्ड निकालाची, पण शाळांच्या बाबतीत वाट त्याआधीच अरुंद झाली होती. बोस्टन लॅटिन स्कूलमध्ये वंशाचा विचार करून जागा देण्याची पद्धत अपील न्यायालयाने १९९८ मध्येच रद्द केली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिएटल आणि लुईव्हिल येथील शाळांना मुलांचा वंश पाहून जागा देण्यास मनाई केली. त्याच निकालात न्यायमूर्ती केनेडी यांनी शाळांची हद्द ठरवणे, शाळा कुठे बांधायची हे ठरवणे, असे वंशनिरपेक्ष मार्ग मोकळे ठेवले. फेअरफॅक्सचा दीड टक्का आणि बोस्टनने २०२१ च्या प्रवेशांसाठी आणलेली, पोस्टल विभागांनुसार जागा वाटण्याची योजना त्याच मार्गावरच्या. बोस्टनचे प्रकरणही डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकले नाही.

यातून एक अडचण उभी राहते. ज्या अन्यायाची भरपाई करायची त्याचे नाव उच्चारता येत नाही. त्यामुळे बोर्ड एक बोलते आणि मनात दुसरे धरते. पालकांना ते जाणवते आणि विश्वास उडतो. बोर्डाच्या सदस्यांचे ते संदेश याच कोंडीतून जन्मले, असे माझे मत आहे. त्याने ते समर्थनीय ठरत नाहीत.

गोदातीर

मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. अमेरिकेतील शाळांचा मला अनुभव नाही, परंतु आपण ज्या दीड टक्क्याविषयी लिहिता त्याच प्रकारचा एक नियम मी रोज पाहतो.

जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील मुले परीक्षा देतात. ऐंशी प्रश्न, शंभर गुण, दोन तास, आणि प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि त्यासाठी मुलाने तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेत केलेली असावी लागते. म्हणजे परीक्षाही आहे आणि ठिकाणाचा हिस्साही आहे. पाणवठा आणि देवगिरी ज्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात मांडत आहेत, त्या इथे एकत्र नांदतात.

मात्र ठिकाणाचा हिस्सा ठेवला की पत्ता ही मौल्यवान वस्तू होते. शहरात राहून शिकणाऱ्या मुलाचे नाव तिसरीपासून खेड्यातील शाळेच्या पटावर लावून ठेवणारे पालक मी पाहिले आहेत. हजेरीपत्रकावर नाव असते आणि मूल शहरातल्या क्लासला असते. परीक्षेच्या दिवशी ते गाडीतून उतरते, तेव्हा आमची मुले त्याच्याकडे अनोळखी पाहुण्याकडे पाहावे तशी पाहतात. एका वर्षी आमच्या वर्गातील एक मुलगी निवड यादीतून थोडक्यात बाहेर राहिली. अंकगणितात ती माझ्यापेक्षा वेगाने उत्तर काढायची. तिचे वडील ऊसतोडीला जात आणि त्या काळात ती आजीकडे राहून शाळा करायची. ती जागा कोणाच्या नावावर गेली हे मला सिद्ध करता येणार नाही, पण नियम ज्या मुलीसाठी केला होता ती हीच होती.

म्हणून विचारतो: फेअरफॅक्समध्ये दीड टक्का मोजताना मूल कोणत्या शाळेचे धरतात? राहते त्या हद्दीतील शाळेचे, की शिकते त्या शाळेचे?

देवगिरी

गोदातीर सर, नेमक्या जागी बोट ठेवलेत. मूल शिकते त्या शाळेचे धरतात, आणि दावा लावणाऱ्या पालकांची एक मोठी तक्रार हीच होती.

हे समजून घ्यायला इथली रचना थोडी सांगावी लागेल. फेअरफॅक्समध्ये दुसरीतील मुलांची एक क्षमता-चाचणी होते. तिचे गुण, शिक्षकांचे मूल्यमापन आणि मुलाच्या कामाचे नमुने पाहून काहींची निवड प्रगत अभ्यासक्रमासाठी होते. त्या मुलांना अनेकदा आपल्या हद्दीतील शाळा सोडून ‘केंद्र’ म्हटल्या जाणाऱ्या शाळेत जाता येते. हर्नडनचे रेचल कार्सन आणि फॉल्स चर्चजवळचे लाँगफेलो ही अशी मिडल स्कूल्स. टीजेला जाणारी मुले वर्षानुवर्षे मुख्यतः अशा मोजक्याच शाळांतून येत. दक्षिणेला, रूट वन महामार्गालगतच्या अल्प उत्पन्नाच्या वस्त्यांतून क्वचितच कोणी येई. नव्या नियमात कार्सनलाही दीड टक्का आणि रूट वनच्या शाळेलाही दीड टक्का. साहजिकच, केंद्रात एकत्र आलेल्या हुशार मुलांची चुरस आपसांतच वाढली. हद्दीतील शाळा सोडून केंद्रात गेलेल्या गरीब मुलालाही तीच चुरस सोसावी लागते, हे मला अन्यायाचे वाटते. हिस्सा राहत्या हद्दीच्या शाळेवरून मोजला असता, तर तो मुलगा आपल्या वस्तीचाच प्रतिनिधी राहिला असता.

क्लासबद्दलही लिहायला हवे. परीक्षा गेली म्हणून क्लास बंद झाले नाहीत. माझ्या मुलीसाठी मी एका क्लासची चौकशी केली, तेव्हा तिथे निबंधाचे साचे छापून ठेवलेले दाखवले. आजीच्या आजारपणातून शिकलेली चिकाटी, संघातील भांडण मिटवल्याचा प्रसंग, पहिल्या अपयशानंतरचा निर्धार. मुलाने फक्त तपशील बदलायचे. माझ्या मुलीची आजी साताऱ्यात ठणठणीत आहे. पाणवठा म्हणतात त्यात तथ्य आहे, ते हे की परीक्षेची तयारी करून घेताना निदान मुलाला अपूर्णांक तरी येतात. अशा निबंधाची तयारी तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल खोटे लिहायला शिकवते. मी त्या क्लासला नाव घातले नाही.

पाणवठा

देवगिरी, आपण एवढे मान्य करता, तर परीक्षेलाही जागा ठेवा, असे माझे म्हणणे आहे. सर्व शाळांत, शाळेच्याच वेळेत, विनाशुल्क परीक्षा घ्या, हिस्सा शाळानिहाय ठेवा आणि त्या शाळेतील वरच्या मुलांना जागा द्या. गोदातीर सरांच्या नवोदयातही परीक्षा आणि ठिकाणाचा हिस्सा एकत्र आहेतच. न्यूयॉर्कमध्येही ‘डिस्कव्हरी’ योजना आहे. गुणरेषेच्या थोडे खाली राहिलेल्या गरीब मुलांना उन्हाळी वर्ग पूर्ण केल्यावर प्रवेश मिळतो. शहराने त्यासाठी वीस टक्के जागा ठेवल्या, परंतु पात्रता ठरवताना शाळेतील गरिबीचे प्रमाण असे धरले की अनेक मिडल स्कूल्समधील गरीब आशियाई मुले बाहेर पडली. त्यावरचा दावा २०१८ मध्ये दाखल झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. गरीब मूल कोणत्या शाळेत बसते यावरून ते गरीब की नाही हे ठरवू नये, एवढी साधी अपेक्षा त्या पालकांची आहे.

उत्तरायण

पाणवठा यांच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. फक्त एक भर घालतो. शाळानिहाय हिस्सा आणि परीक्षा एकत्र ठेवली, तरी ज्या शाळेत आठवीपर्यंत बीजगणित शिकवणारा शिक्षक टिकत नाही, तिथल्या मुलांना टीजेमध्ये गेल्यावर पहिली दोन वर्षे आधार द्यावा लागेल. प्रवेश देऊन त्यांना वाऱ्यावर सोडले, तर ‘पाहा, ती टिकली नाहीत’ म्हणणारे तयारच असतात.

देवगिरी

उत्तरायण, तुमच्या मुद्द्यावरून पुढचे काम दिसते. टीजेच्या अर्जासाठी आठवीत किमान बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम चालू असावा लागतो. कोणते मूल तिथवर पोहोचेल, याचा निर्णय बहुतांशी दुसरीतल्या त्या निवडीने झालेला असतो. त्या वेळी मूल सात वर्षांचे असते, आणि मुलाच्या कामाचे नमुने कसे जोडायचे, अपील कसे करायचे, हे आमच्यासारख्या पालकांना एकमेकांकडून कळते. ज्या आईला रात्रपाळी असते तिला शाळेकडून आलेले पत्रकही धड वाचायला मिळत नाही. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिक्षण विभागाने टीजेच्या प्रवेशांची नव्याने चौकशी सुरू केली. पुन्हा सगळ्यांचे लक्ष आठवीच्या दाराकडे वळले आहे आणि आपल्या गटांवर त्याच जुन्या आकड्यांचे संदेश फिरू लागले आहेत.

बोर्डाच्या सार्वजनिक सभेत बोलण्यासाठी मी नाव देणार आहे. हिस्सा राहत्या हद्दीवरून मोजा, ही एक मागणी. दुसरी अशी, की दुसरीच्या निवडीत कोणत्या शाळेतून किती मुले घेतली आणि किती पालकांनी अपील केले, हे दरवर्षी शाळानिहाय प्रसिद्ध करा. फेअरफॅक्स किंवा लाउडनमधील ज्या मराठी पालकांची यावर सही करण्याची तयारी असेल, त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. मसुदा मराठीत आणि इंग्रजीत तयार आहे. स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषांतर करून देणारे कोणी परिचयाचे असेल, तर तेही कळवावे, कारण या सह्या केवळ आपल्याच घरांतून गेल्या, तर बोर्डाने त्या बाजूला ठेवाव्यात हेच योग्य होईल.